उंबरठ्याखालचा आणा

“लिहा बाई, घर नवं हाय,” भानूतात्या म्हणाले.

मी लिहिलं नाही. आमच्या इतिहास मंडळाच्या तक्त्यात ‘घराचे वय’ असा रकाना होता आणि त्यात ‘नवं’ हे उत्तर बसत नव्हतं. तोवर रंगारी आळीतली सोळा घरं फिरून झाली होती. प्रत्येक घरात ‘लई जुनं’ असं ऐकायला मिळालं होतं आणि मी खूश होऊन पुढच्या दारात गेले होते. घर जुनं असल्याची हौस नसलेला हा पहिलाच माणूस भेटला होता.

तात्या परसात बसून सुताच्या लडी पिळत होते. दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. भानुदास सुत्रावे असं त्यांचं नाव मी तक्त्यात लिहिलं, घर क्रमांक सतरा लिहिला आणि पुन्हा विचारलं, “नवं म्हणजे किती नवं?”

“त्रेपन्नच्या पुरात जुनं गेलं. पार गेलं, भिंत न्हाई की वासा न्हाई. चोपन्नला हे बांधलं. पाया मी काढला, विटा मी वाहिल्या, गवंड्याच्या हाताखाली मीच. सिमिटात काम हाय सगळं. शंभर वर्सं हलायचं न्हाई.”

तेवढ्यात हिराकाकू चहा घेऊन आल्या. तात्यांची बायको. माझ्या हातात कप देऊन त्यांनी दाराकडे बोट केलं. “आन् त्या उंबऱ्याखाली आणा हाय. चौकट बसवायच्या टायमाला सुपारी, हळकुंड आन् नाणं ठिवत्यात न्हवं का, तसा. मी तवा नवी नवरी. सासूबाई म्हणाल्या, घर तुझं हाय, तुझ्या हातानं ठिव. त्याच सालचा करकरीत आणा हुता. बैलाचा.”

“छान,” मी म्हणाले. चहाही छान होता. “पण पुराच्या आधी इथं कोण राहायचं?”

“आमीच. बाप, आजा, पणजा, खापरपणजा. सगळी ह्याच जाग्यावर.”

मी बोटं मोजली. तात्या धरून पाच पिढ्या. पिढीला तीस वर्षं, हे आमच्या मंडळाचं गणित. पाच त्रिक पंधरा, म्हणजे दीडशे. साल एकोणीसशे शहाण्णव, त्यातून दीडशे गेले, अठराशे सेहेचाळीस. आमचे अध्यक्ष चांदोरकर सर, त्यांना अर्धवट आकडे आवडत नसत, म्हणून मी सहा वर्षं आणखी मागे गेले आणि लिहिलं : सुमारे इ.स. १८४०.

तात्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून ते वाचलं आणि मोठ्यानं हसले. “मंग मी बी दीडशे वर्सांचा झालो की वं!”

काकूही हसल्या, मीही हसले. त्या हसण्याची आठवण मला अजून नकोशी होते.

*

कृष्णेकाठच्या आमच्या गावात ‘नदीकाठ इतिहास मंडळ’ स्थापन झालं, तेव्हा मला चिटणीस केलं ते माझं अक्षर चांगलं म्हणून. मी कन्याशाळेत चित्रकला शिकवत होते. अध्यक्ष चांदोरकर सर, निवृत्त मुख्याध्यापक. मंडळाचे सभासद अकरा. त्यातले दोन वकील, एक डॉक्टर, एक निवृत्त तहसीलदार आणि बाकी आम्ही शिक्षक. रंगारी आळीचा वारसा वाचवायचा असा आमचा निर्धार होता, आणि अकरा जणांतलं आळीत राहणारं कुणीही नव्हतं. ही गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षातही आली नव्हती. माझ्याही नाही.

घाईचं कारण होतं. नदीवर नवा पूल येणार होता आणि त्याचा रस्ता आळीतून जाणार अशी बातमी होती. सरांचा उपाय सोपा होता. आळीतल्या बेचाळीस घरांची नोंद करायची, पुस्तक छापायचं, पुरातत्त्व खात्याकडे प्रस्ताव धाडायचा. एकदा सरकारचा शिक्का पडला, की पालिकेला एक वीटही हलवता येणार नाही.

तक्ते घेऊन मी वाचनालयाच्या माडीवर गेले. तिथंच मंडळाचं दप्तर होतं. सतरा नंबरच्या घराशी मी थांबले. “सर, हे घर खरं तर चोपन्न सालचं आहे. पुरानंतर बांधलेलं. ते दोघंही तसं सांगतात.”

सरांनी चष्मा काढला. ते चष्मा काढून बोलायला लागले की समोरचा माणूस आपोआप विद्यार्थी होत असे. “बाई, घर म्हणजे भिंती नव्हेत. जागा तीच, घराणं तेच, धंदा तोच. मध्ये पूर आला, तो अपघात. अपघातानं का इतिहास तुटतो?”

“पण उंबरठ्याखाली त्या वर्षीचा आणा आहे म्हणतात.”

“नाणं नंतरही ठेवता येतं,” सर म्हणाले. “नाण्यानं घराचं वय ठरत नसतं. अभ्यासकानं इतकं भाबडं असू नये.”

अभ्यासक! मला तोवर कुणी अभ्यासक म्हटलं नव्हतं. शाळेत मी तक्ते रंगवणारी बाई होते, घरी सासूबाईंचं पथ्यपाणी पाहणारी सून होते. त्या एका शब्दावर मी सतरा नंबरची नोंद तशीच राहू दिली. आणखी सात-आठ नोंदीही तशाच होत्या. तिथल्या माणसांनी स्वतःच वर्षं वाढवून सांगितली होती, म्हणून मला त्यांचं काही वाटलं नाही. पुढं घरांची चित्रं मी काढली, मजकूर मी लिहिला आणि पुस्तकावर संपादक म्हणून नाव माझं आलं.

प्रकाशन हिंगलाजमातेच्या देवळासमोर झालं. आळीतल्या ज्येष्ठांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. तात्यांनी हात घासून घासून धुतले होते, तरी शालीवर हात ठेवायला ते बिचकत होते. नंतर आठवड्यानं मी गेले तेव्हा पुस्तक देव्हाऱ्यात ठेवलेलं दिसलं. त्याला हळदीकुंकू लावलं होतं.

“आमीच चुकलो आसंल बाई,” तात्या म्हणाले. “छापलंय म्हंजे खरंच आसंल.”

मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं होतं.

*

वर्षभरानं तात्या मधल्या सुट्टीत शाळेत आले. ऑफिसबाहेरच्या बाकावर अगदी कडेला बसले होते. पिशवीतून त्यांनी पालिकेची नोटीस काढली आणि मला दिली.

घर क्रमांक सतरा, रंगारी आळी. सदर बांधकाम नदीकाठ इतिहास मंडळाने प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातील पृष्ठ एकोणतीसवरील नोंदीनुसार सुमारे दीडशे वर्षे जुने असल्याने वास्तव्यास धोकादायक आहे. हरकत असल्यास सुनावणीस हजर राहावे. अन्यथा घर रिकामे करून द्यावे.

मी दोनदा वाचली. पान एकोणतीस. त्या पानावरचं चित्र काढायला मला दोन रविवार लागले होते.

“पुलाच्या तोंडाशी पयलं घर आमचंच,” तात्या म्हणाले. “बाई, तुमी फकस्त यायचं आन् सांगायचं, घर चोपन्नचं हाय. तुमी लिहिलंय, तुमच्या तोंडानं खोडलं की झालं. आमचं कोण ऐकतंय?”

“येते,” मी म्हणाले. “काळजी करू नका तात्या. मी येते आणि सांगते.”

त्या वेळी मी खरंच सांगणार होते. संध्याकाळी माडीवर गेले आणि सरांनाही तसं सांगितलं.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि पुरातत्त्व खात्याचं पत्र दाखवलं. प्रस्ताव विचाराधीन आहे, असं एका ओळीचं पत्र.

“दोन महिन्यांत निर्णय होईल,” ते म्हणाले. “आता तुम्ही भर सुनावणीत सांगणार, की आमची एक नोंद खोटी आहे. मग बाकीच्या एक्केचाळीस घरांचं काय? पालिका उद्या म्हणेल, सगळं पुस्तकच रचलेलं आहे. खात्यालाही कळवेल. एका घरासाठी तुम्ही आळी बुडवणार का?”

“पण तात्यांचं घर जाईल ना.”

“नाही जाणार. दीडशे वर्षांचं आहे म्हणूनच वाचेल. चोपन्नच्या विटांना कोण विचारतं? तुम्ही काही बोलू नका. नोंद मंडळाची आहे, एवढंच म्हणा.” थोडं थांबून ते म्हणाले, “आणि संपादक तुम्ही आहात. तोंडघशी पडाल त्या तुम्ही. मला तुमची काळजी वाटते.”

मी घरी आले, स्वयंपाक केला, सासूबाईंना औषध दिलं. रात्रभर मी दोन्ही बाजूंनी भांडले आणि सकाळी उठले तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं.

*

सुनावणी पालिकेच्या सभागृहात होती. अधिकारी तरुण होता, बोलायला सभ्य. समोर आमचं पुस्तक ठेवलेलं, पान एकोणतीसमध्ये खुणेची चिठ्ठी. एका बाजूच्या खुर्च्यांवर मी आणि सर, दुसऱ्या बाजूला तात्या एकटे. आळीतली बरीच माणसं दाराशी उभी होती.

“घर चोपन्न सालचं आहे, असं तुमचं म्हणणं?” अधिकाऱ्यानं तात्यांना विचारलं. “काही पुरावा? बांधकामाची परवानगी, घरपट्टीचा जुना कागद?”

“जुनी कागदं पुरात गेली सायेब. नवी कुणी मागितली न्हाईत, आमी केली न्हाईत. पण पुरावा हाय.”

तात्यांनी खिशातून हातरुमाल काढला. त्याच्या तीन घड्या उलगडल्या आणि आतलं नाणं टेबलावर ठेवलं. वळणावळणाच्या कडेचा एक आणा. एका बाजूला बैल. दुसऱ्या बाजूनं अधिकाऱ्यानं साल वाचलं, “एकोणीसशे चोपन्न.”

नाणं इथं आलं, म्हणजे उंबरठा उचकटला होता.

“चौकटीखालनं काढलाय,” तात्या म्हणाले. “कालच्याला पहार घातली. मालकीण घालू देत नव्हती. भरल्या घराचा उंबरा कोण फोडतं का सायेब? पण म्हटलं, घर ऱ्हायलं तर उंबरा परत बशीवता यील.” आणि माझ्याकडं हात करून म्हणाले, “बाईंला ठावं हाय. बाईंला आमी तवाच सांगितलं हुतं.”

अधिकारी माझ्याकडे वळला. “तुम्ही संपादक. ही नोंद तुमची?”

“हो.”

“मग या नाण्याबद्दल तुमचं मत काय? यावरून घराचं वय ठरतं का?”

मला अगदी साधं वाक्य म्हणायचं होतं. घर चोपन्नचं आहे, माझी चूक झाली. दोन वाक्यं, फार तर तीन. शेजारी सर घसा खाकरलेही नाहीत. सगळं माझ्यावर सोडून ते सरळ समोर बघत होते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर माझं नाव दिसत होतं. दाराशी माझ्या शाळेतल्या दोन मुलींचे वडील उभे होते. मी घाबरले. आळीसाठी, एक्केचाळीस घरांसाठी, हे सगळं मी स्वतःला नंतर सांगितलं. त्या क्षणी मी फक्त घाबरले होते, माझी चूक निघण्याला.

“नाणं नंतरही ठेवता येतं,” मी म्हणाले. “नाण्यावरून घराचं वय ठरत नाही.”

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. शिकवलेलं काहीतरी न समजलेला माणूस बघतो तसं ते बघत होते.

“म्हणजे पुस्तकातली नोंद कायम,” अधिकारी म्हणाला आणि त्यानं लिहून घेतलं. “दीडशे वर्षांचं बांधकाम.”

तेव्हा सर उठले. “अहो, पण म्हणूनच ते जपलं पाहिजे! प्रस्ताव गेलेला आहे!”

“सर, मंजुरीचं पत्र आणा, मी आज हात आवरतो,” अधिकारी म्हणाला. “पण दीडशे वर्षांच्या घरात मी माणसं राहू दिली आणि पावसाळ्यात ते पडलं, तर उत्तर कोण देणार? तुम्ही?”

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. त्या सभागृहात कुणीच त्यांचा विद्यार्थी नव्हतं.

जिन्यात मी तात्यांना गाठलं. काय बोलणार होते, ते मलाही माहीत नव्हतं. “तात्या,” एवढंच म्हणाले.

“तुमचं बरोबर हाय बाई,” ते शांतपणे म्हणाले. “नाणं कवा बी ठिवता येतं.” मग त्यांनी रुमालातला आणा तळहातावर घेतला आणि त्या निळ्या हाताकडे बघत विचारलं, “पण आता ह्यो कुठं ठिवू?”

त्यांनी थोडी वाट पाहिली आणि तो माझ्या हातात देऊन जिना उतरून गेले.

*

पुरातत्त्व खात्याचं पत्र दोन महिन्यांत आलं नाही. पुढं कधीच आलं नाही. सतरा नंबर पाडायला मात्र चार दिवस लागले, कारण पाया सिमेंटचा होता आणि निघता निघेना. मुकादम शिव्या देत होता, की कागदावर मातीचं घर लिहिलंय आणि खाली हा खडक कुणी ओतून ठेवलाय. मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते. हिराकाकू देवळाच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

मग बाकीच्या घरांना नोटिसा गेल्या. प्रत्येक नोटिशीत आमच्याच पुस्तकातलं पान होतं. घराचं वय आम्हीच मोजून दिलं होतं, पालिकेला वेगळे कष्ट पडले नाहीत. अडीच वर्षांत आळी गेली.

मंडळ गेलं नाही. उलट पुस्तकाला मागणी आली, कारण आता आळी फक्त त्यातच उरली होती. वाचनालयाच्या माडीवर काचेची कपाटं आली आणि छोटं संग्रहालय सुरू झालं. तात्यांनी दिलेला आणा नोंदवहीत एकशे तेरावा. त्याखालची चिठ्ठी मीच लिहिली, माझ्या चांगल्या अक्षरात : ‘एक आणा, इ.स. १९५४. उत्तरकालीन. प्राप्तिस्थान : सुत्रावे यांचे घर, बांधकाम सुमारे इ.स. १८४०.’ सर शेजारी उभे होते, पण त्यांनी माझा हात धरून काही लिहून घेतलेलं नाही.

तात्या पेठेबाहेरच्या एका भाड्याच्या खोलीत वारले. रंगाचं काम तिथं करता येत नव्हतं. शेवटी त्यांचे हात स्वच्छ झाले होते म्हणे.

त्यानंतर वर्षभरात, एका दुपारी हिराकाकू माडीवर आल्या. जिना चढून त्यांना दम लागला होता. मी एकटीच होते. खुर्ची पुढं केली, त्या बसल्या नाहीत.

“पोरानं माळावर दोन खोल्या बांधल्यात,” त्या म्हणाल्या. “परवा चौकट बसायची हाय. आमचा आणा तुमच्याकडं हाय, त्यो द्या. तिच्याखालीच घालीन म्हणते.”

नोंदवहीत आलेली वस्तू बाहेर जात नाही, असा आमचा नियम होता. मी सरांना विचारलं नाही. कपाट उघडलं, नाणं काढलं आणि काकूंच्या हातावर ठेवलं. इतक्या वर्षांत एक तरी गोष्ट सरळ होतेय, असं वाटून मला रडू येत होतं. काकूंनी बैलावरून अंगठा फिरवला. मग त्यांचं लक्ष मखमलीवर राहिलेल्या चिठ्ठीकडे गेलं.

“ह्ये काय लिव्हलंय?”

“काही नाही, काकू. संग्रहालयाची चिठ्ठी आहे.”

“वाचा की. मला वाचता येत न्हाई.”

मी दुसरं काहीही वाचू शकले असते. त्यांना कळलं नसतं. पण मी लिहिलं होतं तेच वाचलं, अठराशे चाळीसपर्यंत सगळं.

काकू ऐकून घेत उभ्या राहिल्या. मग त्यांनी हात पुढं केला आणि आणा होता तिथं, मखमलीवर, बैल वर करून ठेवला.

“मंग ह्यो आमचा न्हवं,” त्या म्हणाल्या. “आमचं घर चोपन्नचं हुतं.”

“काकू, तुमचाच आहे हो तो!” मी म्हणाले. “मी लिहिलंय ते खोटं आहे. तेव्हाही मला माहीत होतं. घर चोपन्नचंच होतं.”

चार वर्षांपूर्वी सभागृहात म्हणायचं वाक्य मी त्या रिकाम्या माडीवर म्हणून टाकलं. ऐकायला अधिकारी नव्हता, सर नव्हते, तात्याही नव्हते.

काकूंनी पदर सावरला. “छापलंय म्हंजे खरंच आसंल,” त्या म्हणाल्या. “हे तसंच म्हणायचे.” आणि एकेका पायरीवर थांबत जिना उतरून गेल्या.

नव्या चौकटीखाली त्यांनी काय ठेवलं, ते मला माहीत नाही. विचारायला जायचं धाडस झालं नाही. आता त्याही नाहीत, सरही नाहीत. मंडळाची अध्यक्ष मी आहे आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. आणा तिथंच आहे. चिठ्ठी दोनदा पिवळी पडली, दोन्ही वेळा मी ती नव्यानं लिहिली, आणि दोन्ही वेळा तीच.